घरगुती एस्प्रेसो यंत्रे : अल्पमोली आणि बहुमोली
(एका धान्य-व्यापाऱ्याच्या दृष्टीने केलेली तुलना)

पारख हे व्यापाऱ्याचे खरे भांडवल होय, असे आपल्या पेढ्यांवरील वडीलधारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. पोत्यात परखी खुपसून तळहातावर आलेल्या चार दाण्यांवरून शंभर पोत्यांचा भाव ठरविणारा आडत्या जेव्हा घरासाठी एखादे विलायती यंत्र घेण्यास निघतो, तेव्हा मात्र ही पारख तो पेढीवरच ठेवून जातो की काय, अशी शंका येते. वेष्टनावरील चित्र, जाहिरातीतील मोठा आकडा आणि शेजाऱ्याच्या घरी पाहिलेली झळाळी, एवढ्यावर सौदा पुरा होतो. अलीकडे आपल्या घरांतून एस्प्रेसो कॉफीची यंत्रे येऊ लागली आहेत. पुणे, इंदूर, बंगळूर येथे शिकून आलेल्या मुला-सुनांचा आग्रह असतो. काही घरी तर लग्नाच्या अहेरातही हे यंत्र येते. त्यांची किंमत पाच-सहा हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत आहे. एकाच नावाच्या वस्तूच्या भावात एवढे अंतर असेल, तर ते कशाचे, हे पाहणे व्यापाऱ्यास उचित होय. यास्तव प्रस्तुत लेखाचा हा खटाटोप.

एस्प्रेसो म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडील लग्नसमारंभात कोपऱ्यात एक चकचकीत बंब उभा असतो, त्यातून वाफेचा फुत्कार निघतो, आणि कपात फेसाळ दूध ओतून वर चॉकलेटची पूड भुरभुरवितात. त्याला सर्वजण ‘एस्प्रेसो’ म्हणतात. वस्तुतः तेथे वाफेने केवळ दूध तापते; कॉफी ही तयार, विरघळणारी पूड असते. ते पेय रुचकर आहे, थंडीच्या लग्नात तर हवेहवेसे वाटते. परंतु ते एस्प्रेसो नव्हे.

खरी एस्प्रेसो म्हणजे भाजलेल्या बियांची बारीक दळलेली पूड गाळणीत घट्ट दाबून, तिच्यातून उष्ण पाणी मोठ्या दाबाने थोड्या वेळात पार करणे. इटलीतील जुने प्रमाण असे की, सुमारे ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब आणि २५ सेकंदांच्या आसपास वेळ, यांतून साधारण २५ मिलिलिटर पेय निघावे. आज पुष्कळ ठिकाणी दुहेरी मात्रेसाठी १८ ग्रॅम पूड घेऊन तीतून ३६ ग्रॅम पेय काढतात. पाण्याचे तापमान ९० ते ९६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात. पाणी याहून थंड असेल तर कॉफी आंबट व पातळ लागते; अधिक तापलेले असेल तर कडू व करपट.

९ बार हा आकडा ऐकण्यास लहान वाटतो. तो आपल्या भाषेत मांडू. ९ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ९ किलोचा भार. व्यावसायिक यंत्राच्या गाळणीचा व्यास ५८ मिलिमीटर असतो. तिचे क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या चिमूटभर पुडीवर जवळजवळ २४० किलोचा भार पडतो. ५० किलोची पावणेपाच पोतीच म्हणा ना! एवढा भार एकसारखा, अर्धा मिनिट, ठराविक तापमानाच्या पाण्याने देणे हेच या यंत्राचे काम आहे. स्वस्त आणि महाग यांतील सारा भेद हे काम कोण किती नेमकेपणाने करतो, यात आहे.

यंत्राची वंशावळ

तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफी-यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी एकेक कप काढून देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि देसिदेरिओ पावोनी यांनी ते हक्क घेऊन १९०५ पासून अशी यंत्रे बाजारात आणली. या सर्वांत दाब वाफेचाच होता. वाफेच्या जोरावर दीड-दोन बारापुढे जाणे कठीण, आणि त्यासाठीही पाणी इतके तापवावे लागे की कॉफीला करपट वास येई. ही अडचण आकिले गाज्जा यांनी दूर केली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी स्प्रिंग व दांडा यांच्या साहाय्याने पाणी दाबण्याची युक्ती बाजारात आणली, आणि कॉफीवर प्रथमच ती सोनेरी, दाट साय दिसू लागली. १९६१ साली फाएमा कारखान्याने ‘ई-६१’ हे यंत्र काढले. त्यात माणसाच्या हाताऐवजी विजेचा पंप ९ बारांचा दाब देऊ लागला. त्या वर्षी झालेल्या सूर्यग्रहणावरून त्याला हे नाव मिळाले. आजची बहुतेक घरगुती यंत्रे या ना त्या रूपाने याच घराण्यातील आहेत.

अल्पमोली यंत्रे

यांत दोन जाती आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली जात पाच-सहा हजारांच्या आसपास मिळते. तीत पंप नसतो. बंद भांड्यात पाणी उकळते व वाफेच्या जोराने पुडीतून वर ढकलले जाते. म्हणजे १९०५ सालची विद्याच ती. दाब फार तर ३-४ बार. अशा यंत्रापेक्षा १९३३ साली इटलीत आलफोन्सो बियालेत्ती यांनी काढलेले चुलीवरचे मोका भांडे काय वाईट? ते हजार-दोन हजारांतही मिळते, त्यात बिघडण्यासारखे काही नाही, आणि दुधात घालण्याजोगी कडक कॉफी ते उत्तम देते. प्रस्तुत लेखकाच्या मते या पहिल्या जातीवर पैसा घालू नये.

दुसरी जात साधारण आठ हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत आहे. तीत लहान कंपनाचा पंप असतो आणि पाणी तापविण्यास धातूचा एक ठोकळा असतो; त्याच्या नळ्यांतून जाता जाता पाणी तापते. यंत्र एक-दोन मिनिटांत सज्ज होते, हा मोठा गुण. वेष्टनावर ‘१५ बार’, ‘२० बार’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा म्हणजे वाट पूर्ण बंद केली असता पंप जास्तीत जास्त किती जोर करील, याचा आहे. कॉफीला हवेत ९. ज्या मोटारीच्या तबकडीवर ताशी २०० किलोमीटर लिहिले आहे ती अधिक चांगली धावते असे आपण समजत नाही, तसेच हे.

या यंत्रांच्या गाळणीला बहुधा दुहेरी बूड असते. वरच्या बुडास पुष्कळ छिद्रे, खालच्यास एकच. त्यामुळे पूड जाडीभरडी असो वा शिळी, दाब कृत्रिम रीतीने तयार होतो व वर फेस येतो. हा फेस पाहून नवखा माणूस हर्षित होतो. पण तो छिद्राचा प्रताप आहे, बियांचा नव्हे. तथापि या गाळणीला नावे ठेवणेही बरोबर नाही. ज्या घरी दळण्याचे साधन नाही, त्यांना बाजारातील तयार पुडीपासून बरी कॉफी तीच देते. हुशारी अशी की, साधी एकेरी गाळणीही बसेल असेच यंत्र निवडावे, म्हणजे पुढे वाट खुली राहते.

यांचे दोष उघड आहेत : तापमान एका कपापासून दुसऱ्या कपापर्यंत बदलते, वाफ दुबळी असते, पुष्कळ भाग प्लास्टिकचे असतात, आणि मुदतीनंतर बिघाड झाला तर दुरुस्तीपेक्षा नवे घेणे स्वस्त पडते.

बहुमोली यंत्रे

साधारण चाळीस हजारांपासून पुढे यंत्राची प्रकृती बदलते. गाज्जा क्लासिक, रांचिलिओ सिल्व्हिया यांसारख्या यंत्रांत एकच बॉयलर, पण जड पितळी तोंड आणि ५८ मिलिमीटरची व्यावसायिक गाळणी असते. जड धातू उष्णता धरून ठेवतो. बिडाच्या तव्यावरची भाकरी आणि पातळ पत्र्यावरची भाकरी यांत जो भेद, तोच येथे. यांची उणीव ही की, एकाच बॉयलरला कॉफीसाठी नव्वद-पंच्याण्णव आणि वाफेसाठी सव्वाशेच्या पुढे असे दोन वेगळे तापमान गाठावे लागते. म्हणून कॉफी व दूध यांच्या मध्ये थांबावे लागते.

लाखाच्या आसपास व त्यापुढे ही अडचण दोन रीतींनी सोडविलेली आढळते. एका रीतीत मोठ्या वाफेच्या बॉयलरमधून कॉफीच्या पाण्याची वेगळी नळी नेलेली असते. दुसरीत दोन स्वतंत्र बॉयलर असतात. शिवाय तापमान एका अंशाच्या आत-बाहेर राखणारा विद्युत्-नियंत्रक, दाब दाखविणारी तबकडी, पूड आधी हळूच भिजविण्याची सोय, आणि काहींत आवाज न करणारा फिरता पंप असतो. अगदी वरच्या थरात, फ्लॉरेन्सच्या ला मार्झोक्को या १९२७ सालच्या कारखान्याचे ‘लिनेआ मिनी’ यासारखे यंत्र आहे. त्याची किंमत आपल्याकडे काही लाखांत जाते.

या पैशात ग्राहक काय घेतो? चव घेतो असे म्हणणे अर्धे सत्य आहे. तो मुख्यतः सातत्य घेतो. पहिला कप जसा, तसाच आठवा कप. सकाळी पाहुणे मंडळी बसली असता दुधासाठी खोळंबा नाही. शिवाय दुरुस्ती घेतो : ई-६१ धर्तीच्या तोंडाची रबरी कडी व चाळण पुष्कळ कारखान्यांच्या यंत्रांस सारखीच लागते, आणि पान्याने उघडता येणारे यंत्र अनेक वर्षे चालते. परंतु सुटा भाग बऱ्हाणपुरात मिळणार नाही, हे गृहीत धरावे. आमच्या एका आप्तांचे भारी यंत्र केवळ एका झडपेसाठी दोन महिने झाकून पडले होते, कारण विक्रेत्याने पैसे घेतल्यावर ओळख ठेवली नाही. म्हणून भाव विचारण्यापूर्वी विचारावे, ‘सुटे भाग कोठे, आणि किती दिवसांत?’

दळण हाच पाया

धान्याच्या धंद्यातील मनुष्यास हे सांगावे लागू नये. शरबती गहू घ्यावा आणि टाकी न लावलेल्या जात्यावर दळावा, तर पोळी कशी होईल? कॉफीचेही तसेच. पात्यांच्या मिक्सरमध्ये काही कण पिठासारखे तर काही रव्यासारखे होतात. पाणी रव्यातून वाट काढते आणि पीठ करपते. त्यासाठी दातेरी चकत्यांचे, जाडी सूक्ष्मतेने बदलता येणारे दळणयंत्रच हवे. हाताने फिरविण्याचे चांगले दळणयंत्रही चालते. श्रम अधिक, खर्च कमी.

आमच्या घरी दोन यंत्रे काही आठवडे शेजारी शेजारी होती. एक अल्पमोली, दुसरे पुतण्याचे, पुष्कळ महाग. एकाच पिशवीतील बिया, एकच दळण, आणि कप कोणत्या यंत्राचा हे न सांगता घरच्या मंडळींस दिले. काळी कॉफी पिणाऱ्यांनी महाग यंत्राची कॉफी बहुतेक वेळा ओळखली; ती गोलाईदार व कमी आंबट होती. दूध घातल्यावर मात्र ओळखणारे थोडेच उरले. तिसऱ्या दिवशी महाग यंत्रात बाजारची जुनी तयार पूड घातली आणि स्वस्त यंत्रात ताजी दळलेली. त्या दिवशी सर्वांनी स्वस्त यंत्रास कौल दिला. यावरून जो धडा घ्यावयाचा तो स्पष्ट आहे : आधी बिया, मग दळण, आणि त्यानंतर यंत्र.

बियांविषयी एक गंमत. आपल्या धंद्यात जुना तांदूळ चढ्या भावाने विकतो. कॉफी उलट आहे. कच्च्या बिया महिनोन्‌महिने टिकतात, पण भाजलेल्या बियांचा सुवास चार-सहा आठवड्यांत उतरतो आणि दळलेल्या पुडीचा तर काही तासांत. दुसरी गंमत, आपण आयुष्यभर धान्याचे ओलीपासून रक्षण करतो. आणि मलबार किनाऱ्यावर कॉफीच्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यात पसरून फुगवितात! ती ‘मान्सून्ड मलबार’ कॉफी एस्प्रेसोच्या मिश्रणात तिच्या दाटपणासाठी नावाजलेली आहे. भारतीय कॉफीचा मोठा गिऱ्हाईक इटलीच आहे. आणि आपल्या शेजारी, मेळघाटातील चिखलदऱ्यासही इंग्रजी अमदानीपासून कॉफीची लागवड आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल?

बऱ्हाणपूरचे पाणी

यंत्राचा खरा वैरी पाण्यातील चुना होय. ज्यांनी आपला कुंडी भंडारा आतून पाहिला आहे त्यांस याचा पुरावा नको. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या झिरपणाऱ्या पाण्यावर उभारलेली ही भुयारी योजना. २०२४ साली तिचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. तिच्या कुंड्यांच्या भिंतींवर चुन्याचे जे पांढरे थर बसलेले दिसतात, तेच थर लहान प्रमाणात बॉयलरमध्ये बसतात. तेथे शतके लागली. बॉयलरमध्ये पाणी तापत असल्याने काही महिने पुरतात. मग नळी चोंदते, तापमान ढळते, आणि दोष यंत्रास दिला जातो.

येथे आपल्या घरांची एक जुनी रीत उपयोगी पडते. अनेक घरी पाणी उकळून, गाळून वापरतात. उकळल्याने पाण्यातील चुन्याचा बराच भाग भांड्याच्या तळाशी बसतो. असे निवळलेले, कपड्याने गाळलेले पाणी यंत्रात घातल्यास त्याचे आयुष्य वाढते. केवळ शुद्धीकरण-यंत्राचे अगदी क्षाररहित पाणी मात्र एकट्याने घालू नये. कॉफी बेचव होते, आणि काही यंत्रांची पातळी मोजणारी सळई अशा पाण्यात फसते.

रोजमेळाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. पुढील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनी आपापले घालून पाहावेत. घरात दररोज ४ कप, म्हणजे वर्षाला १,४६० कप समजू.

(अ) यंत्र १०,००० व हातदळणी ६,०००, एकूण १६,००० रु. आयुष्य ४ वर्षे धरल्यास घसारा कपामागे सुमारे पावणेतीन रुपये.

(आ) यंत्र ५५,००० व विजेचे दळणयंत्र २५,०००, एकूण ८०,००० रु. दहा वर्षांत दुरुस्ती २०,००० रु. कपामागे सुमारे ६ रु. ८५ पैसे.

(इ) यंत्र २,५०,००० व दळणयंत्र ५०,०००, एकूण ३,००,००० रु. पंधरा वर्षांत दुरुस्ती ५०,००० रु. कपामागे सुमारे १६ रुपये.

परंतु व्यापारी व्याज विसरत नाही. मूळ रकमेवर द. सा. द. शे. ८ धरले तर कपामागे अनुक्रमे सुमारे ८८ पैसे, ४ रु. ३८ पैसे आणि १६ रु. ४४ पैसे वाढतात. एकूण पडते (अ) साडेतीन रुपयांच्या थोडे वर, (आ) सव्वाअकरा, (इ) सुमारे साडेबत्तीस. बियांचा खर्च वेगळा : २५० ग्रॅमची पिशवी ५५० रुपयांची धरली तर १८ ग्रॅमच्या दुहेरी मात्रेस सुमारे ४० रुपये. म्हणजे रोज चार कप होत असतील तर बिया यंत्राहून महाग आहेत, आणि मधल्या दर्जाचे यंत्र मुळीच उधळेपणाचे नाही.

पण हेच यंत्र केवळ पाहुण्यांसाठी, वर्षातून शंभर कपांपुरते सुरू झाले तर? व्याज सोडूनही (इ) चा एक कप २३३ रुपयांस पडतो, (अ) चा ४० रुपयांस. यंत्राची किंमत रुपयांत नसून कपांच्या संख्येत आहे, ती अशी. चौविहार पाळणाऱ्या घरी संध्याकाळची कॉफी नसतेच. त्यांनी कपांची संख्या प्रामाणिकपणे मोजावी.

घरातील नांदणूक

हिशेबात न मावणारी एक बाब राहिली. एकत्र कुटुंबात वस्तू सर्वांच्या हाताला लागली पाहिजे. अतिशय भारी यंत्र आले की घरातील एकच मुलगा त्याचा पुजारी होतो. त्यास आईने हात लावावयाचा नाही, वहिनीने विचारल्याशिवाय चालू करावयाचे नाही; आणि तो परगावी गेला की यंत्रावर फडके पडते. याउलट साधे यंत्र, जे सासू-सुना दोघी चालवितात, ते घरात चार माणसे एकत्र बसवते. भारी यंत्र घ्यावयाचेच तर घेणाऱ्याने घरातील प्रत्येकास ते शिकवावे, ही अट वडीलधाऱ्यांनी जरूर घालावी.

वेळेचेही तसेच. जड पितळी तोंडाचे यंत्र पुरते तापण्यास अर्धा तास घेते. पेढीवर जाण्याच्या घाईत असलेल्यास तो जाच वाटेल; मात्र नवकारशी करणाऱ्यास सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबावयाचेच असते. त्याचे यंत्र आणि तो, दोघेही एकदमच तयार होतात! स्वयंपाकघरात १६ अँपिअरचे बटण व योग्य भूजोडणी आहे का, हेही मोठे यंत्र घेण्यापूर्वी पाहावे.

उपसंहार

सारांश असा. कॉफीची नुकती गोडी लागली असेल तर मोका भांडे घ्यावे. दुधाची कॉफी दिवसातून एक-दोनदा होत असेल तर एकेरी गाळणी बसणारे अल्पमोली पंप-यंत्र आणि चांगली हातदळणी पुरेशी आहे. वर्षभर हा क्रम न चुकता चालला, घरातील दोघा-तिघांची जीभ तयार झाली, तरच मधल्या दर्जाकडे वळावे, आणि वाढीव रकमेतील मोठा वाटा दळणयंत्रास द्यावा. काही लाखांचे यंत्र त्यानेच घ्यावे, ज्याच्या घरी रोज कपांची रांग लागते व जो ते स्वतः उघडून स्वच्छ करतो. अहेर म्हणून ते कोणीही देऊ नये. घेणाऱ्याच्या घरी ते शोभेची वस्तू होऊन बसते, आणि परतफेडीचे ओझे त्याच्या डोक्यावर.

मालाचा भाव बाजार ठरवितो, पण मालाचा उपयोग घर ठरविते. पेढीवर जी पारख आपण रोज करतो, तीच स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत नेली, तर स्वस्त घेणारा फसणार नाही आणि महाग घेणारा पस्तावणार नाही, एवढेच सभासद बंधु-भगिनींस नम्रपणे निवेदन करून हा लेख पुरा करतो.